प्रकल्प नोंदी : वॉपिंगच्या 'प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिट्बी'ची १:२४ प्रतिकृती

९ जून २०२४ : काय बांधायचं

लंडनमध्ये वॉपिंग वॉल रस्त्यावर थेम्सकडे पाठ करून 'प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिट्बी' हा पब उभा आहे. साधारण १५२० पासून या जागी नदीकाठचं मद्यगृह असल्याचं सांगतात. पहिलं नाव पेलिकन. पुढे गिऱ्हाइकांच्या लौकिकामुळे लोक त्याला डेव्हिल्स टॅव्हर्न म्हणू लागले. १९व्या शतकाच्या सुरुवातीला आग लागली, इमारत पुन्हा उभी राहिली आणि शेजारी नांगरणाऱ्या कोळशाच्या जहाजाचं नाव तिला मिळालं. जहाज 'प्रॉस्पेक्ट', नोंदणी व्हिट्बी बंदरातली. १९५० पासून ही ग्रेड दोनची संरक्षित वास्तू आहे.

आत तीन काळ एकमेकांना लागून आहेत. दगडी फरशी सुमारे ४०० वर्षांची, भिंतीचं लाकडी पॅनेलिंग १८व्या शतकातलं, रस्त्याकडचा दर्शनी भाग १९व्या शतकातला. काउंटरचा माथा प्यूटर या कथलाच्या मिश्रधातूचा, त्याखाली लाकडी पिंपं, आणि जहाजाच्या डोलकाठ्या चक्क बांधकामात बसवलेल्या. सुकाणूची चाकं आणि कंदील भिंतीवर लावून कुठलाही बार 'जहाजी' करता येतो. इथे पायाखालची फरशी, डोक्यावरचा भार पेलणारं लाकूड आणि मागची नदी या तिन्हींत जहाज आहे. म्हणून कामाचा क्रम ठरवला तो असा : फरशी, पिंपं, डोलकाठी, प्यूटर, नदी. टांगायच्या वस्तू सगळ्यात शेवटी आणि मोजक्या.

दर्शनी भाग बांधायचा नाही. तो लावला की बाररूम झाकली जाते. प्रतिकृती रस्त्याच्या बाजूने उघडी राहील. समोर बाररूम, मागे खिडक्या, त्यापलीकडे नदीची भिंत, बाजूच्या पेलिकन स्टेअर्सच्या दगडी पायऱ्या आणि ओहोटीला उघडा पडणारा काठ.

१२ जून : मापं

मोजपट्टी लावून घेतलेली मापं हाताशी नाहीत. सगळं फोटोंवरून काढायचं, तेव्हा फोटोत अशी वस्तू हवी जिचं माप पक्कं आहे. पाइंटचा ग्लास त्याला उत्तम. ५६८ मिली मावणारा नेहमीचा फुगीर गळ्याचा ग्लास साधारण १५ सेंमी उंच असतो. काउंटरवर ठेवलेल्या ग्लासवरून माथ्याची जाडी आणि पिंपाची उंची काढता येते, पण ग्लास आणि मोजायची वस्तू कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असली तरच. फूटभर मागे असलेलं पिंप सहज दहा टक्क्यांनी लहान दिसतं. एकाच गोष्टीचं माप निदान तीन वेगळ्या फोटोंतून काढावं आणि मधलं धरावं.

प्रतिकृतीसाठी धरलेली मापं (काउंटर, पिंप आणि भिंतीची उंची; बाकीच्यांची लांबी-रुंदी) :

काउंटर : १०७० मिमी, म्हणजे ४४.६ मिमी
पिंप : ९१० मिमी, म्हणजे ३८ मिमी
बाररूम : २५० × १९० मिमी
नदीची भिंत : १९० मिमी
तळफळी : ५२० × ४०० मिमी

भरती-ओहोटीचा हिशेब आधीच करून ठेवलेला बरा. लंडनजवळ उधाणाला पाणी साधारण साडेसहा मीटर चढतं-उतरतं. ही चाल मुंबईच्या उधाणापेक्षाही मोठी आहे. १:२४ मध्ये ते २७० मिमीच्या वर जातं, म्हणजे बाररूमच्या उंचीच्या दुपटीहून जास्त. पूर्ण चाल दाखवायची तर प्रतिकृती बुटक्या कपाटाएवढी होईल. म्हणून भिंतीचा फक्त वरचा भाग घेतला आणि पाणी ओहोटीचं ठेवलं.

१६ जून : तळफळी

१२ मिमी मरिन प्लाय, म्हणजे पाणी सोसणारा, आयएस ७१० छापाचा. एमडीएफ, म्हणजे लाकडी भुशाची दाबलेली फळी, घेऊ नये. पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात, मध्यभाग तसाच राहतो आणि वरची फरशी कडेने उचकटते. प्लायच्या चारी कडा आणि खालची बाजूसुद्धा सीलरने बंद केली. एकाच बाजूला सीलर लावला की दोन बाजू दमटपणा वेगवेगळा ओढतात आणि फळी वाकते.

२३ जून : फरशी ओतणं

साधं प्लास्टर ऑफ पॅरिस कोरताना कडेला ढपले सोडतं. त्याऐवजी दातांच्या कवळ्यांचे साचे करायला वापरतात तो डेंटल स्टोन घेतला. २५० ग्रॅम पूड, ७५ मिली पाणी. पाण्यात पूड टाकायची, पुडीत पाणी नाही, नाहीतर तळाशी कोरड्या गाठी राहतात. मिसळून झाल्यावर भांडं टेबलावर मिनिटभर ठोकायचं म्हणजे बुडबुडे वर येतात. ओतायला पाच-सहा मिनिटं हातात असतात. दहा-बारा मिनिटांत माल आळतो.

थर ३ मिमी. चौकटीच्या कडेला अर्ध्या मिमीची फट ठेवली आहे. हा माल घट्ट होताना किंचित फुगतो, २५० मिमी लांबीत अर्ध्या मिमीपर्यंत. फट नसेल तर फरशी मध्यभागी घुमटासारखी उचलली जाते आणि ते दुसऱ्या दिवशीच लक्षात येतं.

साधारण तासाभराने नखाचा ठसा उमटेल इतपत घट्ट झाल्यावर सांधे कोरायला घेतले. दगड २५ मिमी रुंदीच्या ओळींत, लांबी २० ते ४० मिमी, कुठेही सारखी नाही. शहाबादी फरशीचे चौकोन डोळ्यांत इतके बसलेले असतात की हात आपोआप सरळ जाळी आखतो. त्यासाठी ओळी आधी कागदावर काढून घेतल्या आणि शेजारच्या ओळींतले उभे सांधे एका रेषेत येऊ दिले नाहीत. सांध्याची रुंदी ०.४ मिमी, म्हणजे प्रत्यक्षातला एक सेंमी.

२४ जून : झीज

या प्रतिकृतीचं निम्मं यश या एका कामात आहे.

जुनी फरशी दगडादगडाने झिजत नाही, चालण्याच्या वाटेने झिजते. दारातून काउंटरपर्यंतची वाट, काउंटरसमोर उभं राहायची पट्टी, नदीकडच्या दाराचा उंबरा. ही वाट सांधे ओलांडून सलग खोल होत जाते आणि भिंतीलगत, बाकांखाली दगड मूळच्या उंचीवर राहतात. प्रत्येक दगडाच्या कडा वेगळ्या गोल केल्या तर फरशी पावासारखी फुगीर दिसते. बहुतेक प्रतिकृतींत हेच दिसतं.

४०० नंबरचा वॉटर पेपर बोटाला गुंडाळून, पाण्यात बुडवून, वाटेच्या दिशेनेच फिरवला. काउंटरसमोर सगळ्यात खोल भागात ०.७ मिमी, प्रत्यक्षात साधारण १७ मिमी. त्याहून खोल गेलं तर फरशी झिजलेली न वाटता खचलेली वाटते. वाटेवरचे सांधे घासताना उथळ होतात, ते पुन्हा सुईने उघडले. कडेचे सांधे खोल आणि धारदारच ठेवले. खोलीत दिवा बाजूने लावून पाहिलं की कुठे जास्त गेलं ते सावलीत लगेच कळतं. सरळ वरून पाहिलं तर काहीच कळत नाही.

७ जुलै : वाळवण आणि रंग

आर्द्रता नव्वदीत. फरशी हाताला कोरडी लागते, पण ती खरी कोरडी नसते. खात्रीचा उपाय वजनाचा : रोज त्याच वेळी वजन करायचं आणि ते उतरायचं थांबलं की रंगाला घ्यायचं. पंख्याखाली, तारेच्या जाळीवर, दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी ठेवली. ओव्हन वापरायचा तर ५० अंशांच्या वर नको. जास्त तापवलं की मालातलं बांधलेलं पाणी सुटतं आणि पृष्ठभाग खडूसारखा भुसभुशीत होतो.

रंग पातळ हात मारत दिला. एक भाग अॅक्रिलिकला पंधरा भाग पाणी. आधी रॉ अंबर, मग काळ्यात थोडा निळा, मधूनमधून एखाद्या दगडाला बर्न्ट सिएना. प्रत्येक दगड वेगळ्या रंगाचा करायचा मोह आवरावा. एका खाणीतला दगड एका जातीचा दिसतो, फरक छटेचाच असतो. वाटेवरचा भाग कडेपेक्षा उजळ आणि गुळगुळीत. तिथे शेवटी मऊ कापडाने घासून थोडी चमक आणली. सांध्यांत काळपट मळ.

वरून चपडा लाख स्पिरिटमध्ये पातळ करून एक हात द्यायचा होता, तो पुढे ढकलला. पावसाळी हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दमट हवा बसते आणि लाखेचा थर पांढरा पडतो. फर्निचर पॉलिश करणारे कारागीर पावसात काम घ्यायला नाखूश असतात ते याच कारणाने.

१४ जुलै : पिंपं

पाच पिंपं. उंची ३८, पोटाचा व्यास २९, तोंडाचा २४ मिमी. लाकूड हळदूचं. बारीक पोत, कातकामाला मऊ, कडा न तुटणारं. सागाचा विचार केला होता, कारण जहाज म्हटलं की आपल्याकडे साग. मुंबईच्या गोदीत १८१७ साली पाण्यात उतरलेली सागवानी 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. पण १:२४ मध्ये सागाची छिद्रं प्रत्यक्षातल्या अर्ध्या-पाऊण सेंमीच्या भेगांसारखी दिसतात. छोट्या प्रमाणात लाकूड त्याच्या नावावरून निवडू नये, पोतावरून निवडावं.

पोटाचा बाक डोळ्याने कातू नये. वरच्या मापांतून वर्तुळखंडाची त्रिज्या ७३.५ मिमी येते. त्या त्रिज्येचा पुठ्ठ्याचा साचा कापून कातताना लावत राहिलं की पाचही पिंपं एकसारखी उतरतात. पिंपाच्या फळ्या २०. पोटाशी एका फळीची रुंदी ४.६ मिमी, तोंडाशी ३.८ मिमी. रेषा कातयंत्रावरच १८ अंशांच्या खुणा करून लांबीच्या दिशेने ओढल्या. लेथवर फिरवून नुसत्या डोळ्याने विभागल्या तर शेवटची फळी हमखास अरुंद येते.

२१ जुलै : पिंपांचे पट्टे

पट्टा म्हणजे सरळ पट्टी गुंडाळली की झालं असं वाटतं, आणि तिथेच काम बिघडतं. पिंपाला उतार आहे. सरळ पट्टी एका कडेला चिकटते, दुसऱ्या कडेला उघडी राहते. खऱ्या पिंपाचा पट्टासुद्धा उतारालाच जुळवलेला असतो. पट्टी कमानीतून कापावी लागते. तोंडाजवळच्या पट्ट्यासाठी कमानीची त्रिज्या ५० मिमी, मधल्यासाठी ८३ मिमी, पोटाजवळच्यासाठी २१० मिमी. रुंदी १.५ मिमी, एका पिंपाला सहा पट्टे.

काळा कार्ड पेपर कंपासला पाते लावून कापला. आधी पितळी पत्र्याचे करून पाहिले, पण कमानीतून कापलेला अरुंद पत्रा पीळ खातो आणि सरळ करताना त्याला सुरकुत्या पडतात. कागदाला पातळ लाख पाजली की कडा तंतू सोडत नाही. जोड नेहमी मागच्या बाजूला. वर ग्रॅफाइटची पूड घासली म्हणजे लोखंडाची झाक येते. गंजाचा तांबूस रंग फक्त पट्ट्याच्या खालच्या कडेला, जिथे फरशी धुताना पाणी साचतं तिथे.

४ ऑगस्ट : डोलकाठी

खांब म्हणून उभी डोलकाठी. बुंध्याशी ३०० मिमी धरली, म्हणजे १२.५ मिमी. गोल दांडा विकत मिळतो, पण त्याचे लाकडी तंतू तिरके पळालेले असतात आणि ते दिसतं. देवदाराची सरळ रेषेची चौकोनी काठी फोडून घेतली, करवतीने कापून नाही. फोडल्याने तंतू सलग राहतात.

चौकोनाचा अष्टकोन करायला डोलकाठी घडवणाऱ्यांचा जुना हिशेब आहे, ७ : १० : ७. काठीच्या प्रत्येक बाजूवर या प्रमाणात दोन रेषा आखायच्या आणि कोपरे त्या रेषांपर्यंत रंधून काढायचे. १२.५ मिमीला ते ३.६५, ५.२, ३.६५ असं पडतं. अष्टकोनाचे सोळा कोन, मग पॉलिश पेपर. वर निमुळती करताना प्रत्येक टप्प्यावर हे प्रमाण पुन्हा आखावं लागतं. एकाच रुंदीने कोपरे काढले तर वरचं टोक चपटं होतं.

जुन्या डोलकाठीला लांबीच्या भेगा असतात, आडव्या कधीच नाहीत. पातळ पात्याने तंतूंच्या रेषेतच तीन-चार भेगा उघडल्या, सगळ्या एका उंचीवर सुरू न करता. छताच्या तुळईशी सांधा मुद्दाम साधा ठेवला आहे. डोलकाठी इथे शोभेला नाही, भार घेते. तिच्याभोवती नक्षीची कडी लावली तर तो अर्थ जातो.

११ ऑगस्ट : पॅनेलिंग

हळदूच्या १.५ मिमी पट्ट्या. उभ्या-आडव्या चौकटी ४.२ मिमी, मधली फळी कडेला उतरती. रंग गडद तपकिरी, हात लागतो त्या उंचीवर उजळ. बाकी विशेष नाही. फळी चौकटीत चिकटवायची नाही, खाचेत मोकळी बसवायची. हवेबरोबर ती हलते. अठराव्या शतकातले सुतारही तशीच बसवत, आणि प्रतिकृतीतसुद्धा चिकटवलेली फळी डिसेंबरात तडकते.

१ सप्टेंबर : प्यूटरचा माथा

चंदेरी रंगाने प्यूटर होत नाही. या धातूत बहुतांश कथील असतं. त्याची करडी, किंचित मऊ चमक रंगाच्या कणांतून येत नाही, म्हणून खरा धातूच घेतला.

कच्चा माल : शिसं नसलेल्या सोल्डरची भरीव कांडी, ९९.३ टक्के कथील, ०.७ टक्के तांबं, वितळबिंदू २२७ अंश. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळते. तारेच्या रूपातलं सोल्डर घेऊ नये. तिच्या पोटात फ्लक्स, म्हणजे डाग धरायला मदत करणारं रसायन, असतो; तो पत्र्यात तपकिरी डाग आणि पोकळ्या सोडतो. ८० ग्रॅम धातू लोखंडी पळीत वितळवून ॲल्युमिनियमच्या उथळ साच्यात ओतला. साचा आधी १०० अंशांच्या वर तापवून घेतला. हे टाळता येत नाही. साच्यात दमटपणाचा थेंब जरी असला तरी त्याची वाफ होऊन धातू उडतो. चष्मा, पूर्ण बाह्या, पायांत बूट.

४ मिमीची लादी सोनाराच्या पत्रा ओढायच्या मशीनमध्ये ०.३ मिमीपर्यंत आणली. ती लादी उघडी घालू नये. कथलाचा अंश रुळांवर राहिला आणि नंतर सोन्यात गेला तर सोनं ठिसूळ होतं. दोन पितळी पत्र्यांमध्ये ठेवून ओढली. कथील ओढताना कडक होत नाही, त्यामुळे मध्ये तापवावं लागत नाही. घाई मात्र नको. एका वेळी फार दाबलं तर कडेला दातरे पडतात.

पत्रा ३.५ मिमी फळीवर कॉन्टॅक्ट अॅडेसिव्हने बसवला, पुढची कड लाकडी गोटीने घासत खाली वळवली. उंचीचा हिशेब : पाया २.५, पिंप ३८, फळी ३.५, पत्रा ०.३. बेरीज ४४.३ मिमी, ठरवल्याच्या तीन दशांशांनी कमी. चालेल.

जुनेपणासाठी छापील सर्किटला वापरतात तो फेरिक क्लोराइड, एक भाग द्रावणाला दहा भाग पाणी. फडक्याने पुसून पंधरा-वीस सेकंदांत काळपट करडा रंग येतो. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं, मग साध्या पाण्याने. सोडा लावला नाही तर कोपऱ्यांत काम चालूच राहतं आणि आठवड्याने पांढरट पूड दिसते. मग कापडाने पुढची कड आणि कोपरं टेकतं तो पट्टा उजळला. मागचा भाग, ज्यावर बाटल्या असतात, काळसरच. माथ्यावर दोन-तीन उथळ खळगे गोल टोकाच्या दांड्याने दाबून काढले. मऊ धातूवर काही जोरात ठेवलं की ते पडतातच.

२२ सप्टेंबर : दिवे आणि टांगायच्या वस्तू

फक्त चार वस्तू : दोन बाजूचे कंदील, एक दुहेरी कप्पी, दोराचा एक वेटोळा. जहाजाच्या डाव्या बाजूचा कंदील तांबडा, उजव्या बाजूचा हिरवा, आणि ही डावी-उजवी जहाजावर उभं राहून पुढच्या टोकाकडे तोंड केलेल्याची. सजावटीत हे सर्रास उलटं लावलेलं असतं. जहाजावर काम केलेल्या माणसाला ते पहिल्या नजरेत खटकतं.

०६०३ मापाचे कोमट पांढरे एलईडी, ५ व्होल्टचा पुरवठा, प्रत्येकाला ३९० ओहमचा रोधक, म्हणजे प्रवाह ५ मिलिअँपिअरच्या आसपास. पूर्ण २० मिलिअँपिअर दिले तर खोली ऑपरेशन थिएटरसारखी उजळते आणि फरशीची झीज दिसेनाशी होते. कंदिलांच्या काचेला रंगीत लॅकर लावला, रंगीत एलईडी नाही. रंगीत एलईडीचा प्रकाश एकसुरी पडतो. तारा पॅनेलिंगमागून नेल्या आणि तळफळीत उतरवल्या, वरच्या तुळईला एकही तार नाही.

६ ऑक्टोबर : नदीची भिंत आणि काठ

पाऊस सरला. लाखेचे हात आज दिले, पांढरं पडलं नाही.

नदीच्या भिंतीवर उधाणाची रेषा १६० मिमीवर धरली. त्याखालचा पट्टा रोज दोनदा भिजतो. तिथे शेवाळ, वर कोरडी वीट. शेवाळ सगळीकडे सारखं हिरवं नसतं. वरच्या पट्ट्यात पोपटी आणि पातळ, खाली गेल्यावर काळपट हिरवं आणि जाड. उधाणाच्या आणि भांगाच्या पाण्याच्या दोन वेगळ्या रेषा उमटतात. कोकणातल्या कुठल्याही जेटीच्या खांबावर त्या दिसतात, थेम्सलाही तोच नियम. पेलिकन स्टेअर्सच्या खालच्या पायऱ्यांना हेच पट्टे त्याच उंचीवर आणले. भिंतीवर आणि पायऱ्यांवर रेषेची उंची वेगळी पडली तर सगळा डोलारा खोटा वाटतो, म्हणून लेव्हल ट्यूबने तळफळीभर खूण फिरवून घेतली.

काठ म्हणजे समुद्रकिनाऱ्याची वाळू नाही. गोटे, चिखल, विटांचे गुळगुळीत झालेले तुकडे, शिंपले, गंजलेले खिळे, साखळ्यांचे कडे आणि मातीच्या चिलमींच्या दांड्यांचे असंख्य तुकडे. शतकानुशतकं नावाडी, हमाल आणि गोदीकामगारांनी टाकलेल्या त्या चिलमी आजही थेम्सच्या काठावर सापडतात. (काठ उकरून वस्तू शोधायला लंडन बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो.) दांडी प्रत्यक्षात ७-८ मिमी जाड, १:२४ मध्ये ०.३ मिमी. पांढऱ्या ब्रशचे जाड केस २ मिमी लांबीचे कापून वापरले. मूठभर टाकायचे नाहीत, पाण्याच्या रेषेशी समांतर पट्ट्यांत टाकायचे. ओहोटी हलक्या वस्तू लावून ठेवते ती तशीच.

याच काठाने १८व्या-१९व्या शतकांत हिंदी खलाशीही उतरत. वॉपिंग आणि शॅडवेल हा त्यांच्या मुक्कामाचा टापू, आणि जहाजांवर त्यांच्यात सारंग-टंडेल ही कोकणातल्या बंदरांवर आजही ऐकू येणारी पदं होती. १८५७ साली जवळच लाइमहाउसला आशियाई खलाशांसाठी वसतिगृह उघडलं. प्रतिकृतीत माणसं ठेवायची नाहीत हे ठरलेलं आहे. पण सोबतच्या माहितीफलकावर हा मजकूर जाणार.

२० ऑक्टोबर : दोर

नदीच्या बाजूला पबचा फास टांगलेला आहे, तो न्यायाधीश जेफ्रीजच्या आठवणीचा. फाशीच्या शिक्षांसाठी कुप्रसिद्ध झालेला हा न्यायाधीश १६८८ साली खलाशाच्या वेषात पळून जाताना वॉपिंगलाच पकडला गेला आणि पुढच्या वर्षी टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत मेला. चाच्यांना प्रत्यक्ष फाशी दिली जाई ती एक्झिक्यूशन डॉकला, नदीच्या वरच्या अंगाला. चाचेगिरीच्या आरोपाखाली कॅप्टन किडला १७०१ साली तिथेच फासावर चढवलं. त्याने पकडलेलं 'क्वेडा मर्चंट' हे जहाज बंगालमधून माल घेऊन सुरतेकडे चाललं होतं. फाशीची जागा ओहोटीच्या रेषेशी असे, कारण आरमारी न्यायालयाची हद्द तिथे सुरू होई. या पबात फाशी होत असे असं माहितीफलकावर लिहायचं नाही. दोर आणि खांबही तीनशे वर्षांचे दाखवायचे नाहीत. ही स्मरणखूण आहे, तेव्हा लाकूड थोडं करडं, दोर जवळजवळ नवा.

दोर विकतच्या सुतळीचा चालत नाही. तिचे तंतू १:२४ मध्ये काथ्याच्या गोंड्यासारखे उभे राहतात. तीन पदरी दोर वळून घेतला. पॉलिस्टर शिलाई दोऱ्याचे एका पदराला चार धागे, पदरांना डावा पीळ, तिन्ही एकत्र वळताना उजवा. उलटसुलट पिळांच्या ओढीमुळेच दोर उलगडत नाही. दोन्ही पीळ एकाच दिशेचे झाले तर सोडल्याबरोबर दोराच्या गुठळ्या होतात. तयार जाडी १ मिमी. मेणावरून ओढला, मग पातळ तपकिरी रंग.

इतका हलका दोर स्वतःच्या वजनाने सरळ लोंबत नाही, तारेसारखा तिरका उभा राहतो. पातळ फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवून, टोकाला छोटं वजन अडकवून रात्रभर टांगला की तो आकार धरतो.

१० नोव्हेंबर : पाणी, पहिला थर

पाण्याचा भाग ५२० × १४० मिमी, सरासरी खोली ६ मिमी, म्हणजे साधारण ४४० मिली इपॉक्सी रेझिन. दोन थरांत. एकदम ओतलं तर आतली उष्णता बाहेर पडत नाही, रेझिन पिवळं पडतं आणि कडेने आक्रसतं.

आधी काठ सील केला. डेंटल स्टोन आणि माती सच्छिद्र असतात. वर रेझिन पडलं की आतली हवा तासभर बुडबुड्यांनी वर येत राहते. रेझिनचाच पातळ हात ब्रशने देऊन तो सुकू दिला. बाजूची पाळ अॅक्रिलिक पट्टीची, आतून खोक्यांना लावतात ती तपकिरी चिकटपट्टी. तिला रेझिन धरत नाही. पाळीचा खालचा सांधा सिलिकॉनने बंद करून आत पाणी भरून तासभर ठेवलं, गळत नाही हे पाहिलं, मग पूर्ण कोरडं केलं.

रेझिन आणि हार्डनर वजनावर मोजले. डब्यावर प्रमाण आकारमानात दिलंय की वजनात ते नीट वाचावं, दोन्हींचे आकडे वेगळे असतात. रंगासाठी कोरडी पिगमेंट पूड : अंबर, चिमूटभर हिरवा, किंचित काळा, एकूण वजनाच्या एक टक्क्याच्या आत. अॅक्रिलिक रंग घातला तर त्यातल्या पाण्याने रेझिन ढगाळ होतं. थेम्स गढूळ आहे, पण तिचा गढूळपणा खालच्या थरात हवा. वरचा थर जवळजवळ स्वच्छ ठेवला तरच काठाजवळचे गोटे पाण्याखालून दिसतात.

१७ नोव्हेंबर : दुसरा थर

पहिल्या थरावर तेलकट पापुद्रा जाणवला तर तो हवेतल्या ओलाव्याने येतो. कोमट पाणी आणि साबणाने धुवून, कोरडं करून, ३२० नंबरच्या पेपरने धूसर केलं. हे न करता ओतलेला थर पुढे पापडासारखा सुटतो. दुसऱ्या थरात पिगमेंट पाव भाग. बुडबुडे हीटगनने, नोझल हातभर लांब आणि सतत फिरती.

थर कडक झाल्यावर पारदर्शक अॅक्रिलिक जेल ब्रशच्या टोकाने ठोकत लाटा आणल्या. ओहोटीला पाणी समुद्राकडे वाहतं, म्हणून खांबांच्या मागचे भोवरे पूर्वेकडे काढले. काठाशी लाट फुटत नाही, नुसती चाटते. पांढरा फेस लावला नाही.

२४ नोव्हेंबर : पेटी

काचेऐवजी ३ मिमी अॅक्रिलिकची पेटी, मागच्या वरच्या कोपऱ्यात ६ मिमीची दोन भोकं, त्यावर बारीक जाळी. पूर्ण बंद पेटीत नव्या रेझिनचा आणि कॉन्टॅक्ट अॅडेसिव्हचा वास कोंडतो आणि प्यूटरवर डाग येऊ शकतात. तळाशी ५० ग्रॅम सिलिका जेलचा कप्पा, बाहेरून उघडता येईल असा. निळे दाणे गुलाबी झाले की ११० अंशांवर तापवून परत वापरायचे. प्यूटरला पॉलिश लावायचं नाही, सहा महिन्यांनी कोरड्या सुती कापडाने फक्त पुढची कड पुसायची. दिव्यांचा अॅडॉप्टर पेटीबाहेर. सुटे ठेवलेले : दोन पिंपं, हातभर दोर, चार एलईडी, कमानींचे पुठ्ठ्याचे साचे.